ताळेबंदाखालची सही: कंपनीच्या संचालक मंडळाला जाब कोण विचारतो आणि कसा

१६ डिसेंबर २००८. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळाची बैठक. मुख्य विषय एकच होता: मायटास प्रॉपर्टीज आणि मायटास इन्फ्रा या दोन कंपन्या मिळून सुमारे १६० कोटी डॉलरला विकत घ्यायच्या. संगणक सेवा देणाऱ्या कंपनीने जमीन-बांधकामाच्या धंद्यात का शिरावं, हा पहिला प्रश्न. दोन्ही कंपन्या सत्यमच्या अध्यक्षांच्या कुटुंबीयांच्या, हा दुसरा. मंडळावर व्यवस्थापनशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते, तंत्रज्ञान क्षेत्रातले जाणकार होते. तरी प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. गुंतवणूकदार खवळले, अमेरिकेच्या बाजारात भाव कोसळला आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र आलं. बँकेत दाखवलेल्या शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. मायटासची खरेदी हा त्या खोट्या शिलकीच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असं त्यांनीच लिहिलं.

मंडळावर हुशार आणि प्रतिष्ठित माणसं बसवली की कंपनी सुरक्षित, हा समज त्या दिवशी मोडायला हवा होता. तो अजून पुरता मोडलेला नाही. मंडळाच्या हातात कोणता कागद येतो, किती दिवस आधी येतो, कोण पाठवतो आणि एखाद्याने ‘नाही’ म्हटलं तर ते कुठे लिहून ठेवलं जातं, यावर खरी जबाबदारी ठरते. पंचवीस वर्षांतल्या सुधारणा या नजरेने पाहिल्या की कोणती कामाची ठरली आणि कोणती नुसती कागदावर राहिली, ते वेगळं काढता येतं.

मंडळ नेमकं कोणाचं?

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. सभासद मालक असतात, कमिटी त्यांच्या वतीने कारभार बघते, ऑडिटर वर्षातून एकदा हिशेब तपासतो. सेक्रेटरीने रंगकामाचं कंत्राट आपल्या मेहुण्याला दिलं, तर सर्वसाधारण सभेत कोणीतरी उठून तीन कोटेशनं मागतो. कंपनीतही रचना हीच आहे: भागधारक मालक, संचालक मंडळ त्यांचे विश्वस्त, व्यवस्थापन रोजचा कारभार पाहणारं आणि लेखापरीक्षक तपासनीस. फरक इतकाच की इथे मालक लाखोंच्या संख्येने देशभर विखुरलेले असतात, एकमेकांना ओळखत नाहीत आणि सभेला येत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि परदेशातले नियम जसेच्या तसे उचलले की तीच निसटते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये मोठ्या कंपनीला बहुधा एक असा मालक नसतो, त्यामुळे तिथला प्रश्न पगारी व्यवस्थापकांना आवरण्याचा असतो. भारतात बहुतेक कंपन्यांमध्ये प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करून तिच्यावर ताबा ठेवणारं घराणं असतं. मोठा हिस्सा त्याचा, अध्यक्षपद त्याचं, कारभारही त्याच्याच हाती. तिथे मंडळाचं पहिलं काम छोट्या भागधारकांचे पैसे मोठ्या भागधारकापासून सांभाळण्याचं असतं. आणि अडचण अशी की मंडळावर कोण बसणार, हे तोच मोठा भागधारक ठरवतो.

कंपन्यांच्या कारभारावर ब्रिटनमध्ये १९९२ साली कॅडबरी समितीचा अहवाल आला. आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने नेमलेल्या कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून २००० साली ‘क्लॉज ४९’ लागू झालं. शेअर बाजारात नोंदणी हवी तर स्वतंत्र संचालक नेमा, लेखापरीक्षण समिती नेमा, अशी ती अट होती. सत्यमने ती अट कागदोपत्री पाळली होती. सत्यम प्रकरणानंतर कंपनी कायदा २०१३ आला, २०१५ मध्ये सेबीची नोंदणी-नियमावली आली, २०१७ मध्ये कोटक समितीच्या शिफारशी आल्या. आजची चौकट या तिन्हींतून उभी राहिली आहे.

स्वतंत्र संचालक: कोणापासून स्वतंत्र?

नोंदणीकृत, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मंडळात किमान एक-तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. अध्यक्ष प्रवर्तकांपैकी असेल किंवा स्वतः कारभार पाहत असेल तर निम्मे. एकाला सलग दोनदा, दर खेपेला जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. पुढे तीन वर्षं बाहेर. एकाच वेळी सातपेक्षा जास्त नोंदणीकृत कंपन्यांवर बसता येत नाही. बैठकीचा भत्ता जास्तीत जास्त १ लाख रुपये, शिवाय नफ्यातला ठरावीक मर्यादेतला वाटा. शेअरचे पर्याय (आधी ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) मात्र त्यांना देता येत नाहीत, कारण भाव वाढण्यात त्यांचा स्वार्थ गुंतायला नको.

स्वतंत्र म्हणजे प्रवर्तकाचा नातेवाईक नसलेला आणि कंपनीशी लक्षणीय आर्थिक व्यवहार नसलेला माणूस. कायद्याची व्याख्या पैसा आणि नातं एवढंच मोजते. प्रवर्तकाचा शाळासोबती, वीस वर्षांचा मित्र, ज्याला निवृत्तीनंतर ही एकच मानाची खुर्ची मिळाली आहे असा अधिकारी, हे सगळे या व्याख्येत बसतात. आणि बैठकीत गप्प बसायचं खरं कारण बहुधा तिथेच असतं.

म्हणून नेमणूक कोणाच्या मतांनी होते, हा खरा प्रश्न आहे. जानेवारी २०२२ पासून स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी ७५ टक्के. ऐकायला हे कडक वाटतं. पण नियमानुसार प्रवर्तक ७५ टक्क्यांपर्यंत शेअर स्वतःकडे ठेवू शकतो. त्याने तेवढे ठेवले असतील तर ठराव तो एकट्यानेच मंजूर करतो. ५० टक्के असतील तर बाकीच्या निम्म्या मतांची गरज पडते. म्हणजे जिथे छोट्या भागधारकाला संरक्षण सर्वांत जास्त हवं, तिथेच हा नियम सर्वांत कमी उपयोगी पडतो. प्रवर्तकांची मतं बाजूला ठेवून उरलेल्यांचं बहुमत वेगळं मोजावं, हा मार्ग सेबीने २०२१ च्या चर्चापत्रात मांडला होता. तो तसा स्वीकारला गेला नाही. २०२२ च्या अखेरीस त्याचा एक भाग आला, पण पर्याय म्हणून: विशेष ठराव फसला, तरी एकूण मतांत आणि सार्वजनिक भागधारकांच्या मतांत साधं बहुमत असेल तर नेमणूक टिकते. हा पर्याय सक्तीचा व्हायला हवा. स्वतंत्र संचालकाबाबत एकच सुधारणा करायची झाली तर ती हीच असावी.

अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ही दोन पदं वेगवेगळ्या व्यक्तींकडे द्यावीत, ही कोटक समितीची शिफारसही अशीच विरघळली. बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांसाठी ती एप्रिल २०२० पासून सक्तीची होणार होती, मग मुदत २०२२ पर्यंत वाढली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती ऐच्छिक झाली.

‘मला कळवलंच नव्हतं’

कंपनी कायद्याचं कलम १४९, पोटकलम १२ नीट वाचावं असं आहे. स्वतंत्र संचालक केव्हा जबाबदार ठरतो? मंडळाच्या कामकाजातून त्याला कळलेली गोष्ट असेल आणि ती त्याच्या संमतीने वा संगनमताने झाली असेल, किंवा त्याने पुरेशी दक्षता घेतली नसेल, तर. हेतू रास्त आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येणाऱ्या माणसाला कारखान्यातल्या प्रत्येक चुकीसाठी तुरुंगात घालता येणार नाही, नाहीतर चांगली माणसं येणारच नाहीत. पण याच वाक्यातून एक पळवाट तयार होते: कागद आलाच नाही, तर कळलंही नाही. म्हणून दक्षतेची कसोटी कागदावरच लावावी लागते, आणि तिथे काही दिवस-तारखा महत्त्वाच्या ठरतात.

मंडळाच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात, दोन बैठकांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. नोटीस आणि विषयपत्रिका किमान ७ दिवस आधी पोचली पाहिजे. बैठकीनंतर १५ दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा संचालकांकडे जातो, त्यांनी ७ दिवसांत दुरुस्त्या कळवायच्या आणि ३० दिवसांत नोंद इतिवृत्त-वहीत चढली पाहिजे. ठरावाला कोणी विरोध केला असेल तर त्याचं नाव इतिवृत्तात येणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात काय बिघडतं? सहाशे पानांचं बाड बैठकीच्या आदल्या रात्री ई-मेलने येतं. सर्वांत वादग्रस्त विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय’ म्हणून पुढे येतो. खरेदीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा अहवाल जोडलेला नसतो, फक्त शेवटचा आकडा सादरीकरणाच्या पडद्यावर दिसतो. आणि इतिवृत्तात पाऊण तासाच्या वादाचं एकच वाक्य उरतं: ‘सविस्तर चर्चेअंती ठराव मंजूर.’ ज्या संचालकाने तीन खोचक प्रश्न विचारले आणि जो तासभर गप्प बसला, ते दोघे या वाक्यात सारखेच होतात.

चांगला संचालक इथे चार साध्या गोष्टी करतो. आयत्या वेळच्या मोठ्या विषयावर मत देत नाही, पुढच्या बैठकीत घ्या म्हणतो. प्रश्न आधी लेखी पाठवतो आणि उत्तर लेखी मागतो. इतिवृत्ताचा मसुदा आला की आपला विरोध त्यात आहे का ते बघतो, नसेल तर ७ दिवसांच्या आत दुरुस्ती पाठवतो. आणि ऑडिटरला वर्षातून एकदा तरी, व्यवस्थापनातलं कोणी खोलीत नसताना, विचारतो: ‘यंदा कोणत्या आकड्यावरून तुमचा आणि कंपनीचा वाद झाला?’ या एका प्रश्नातून जे कळतं ते सादरीकरणाच्या शंभर पानांतून कळत नाही.

राजीनामा हा शेवटचा मार्ग. पूर्वी ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढं लिहून निघता यायचं. आता स्वतंत्र संचालकाला सविस्तर कारणं द्यावी लागतात, याखेरीज दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि कंपनीला ते पत्र ७ दिवसांत शेअर बाजाराला कळवावं लागतं. पत्रात काय लिहिलंय याइतकंच ते कधी आलंय हेही बघावं. वार्षिक हिशेब मंजूर व्हायच्या तोंडावर दोन स्वतंत्र संचालक एकाच आठवड्यात गेले, तर पत्रातला मजकूर कितीही गुळमुळीत असला तरी काळजी करण्याजोगी गोष्ट आहे.

बँकेतली शिल्लक कोणी विचारली?

सत्यममधला खोटा आकडा कुठल्या अवघड हिशेबात दडलेला नव्हता. तो बँक शिलकीत होता, म्हणजे ताळेबंदातल्या तपासायला सर्वांत सोप्या ओळीत. तपासात सात हजारांहून अधिक बनावट बिलं निघाली. ती विक्री म्हणून दाखवली गेली, तिचे पैसे आले असं दाखवण्यासाठी बँकेची खोटी पत्रकं आणि मुदत ठेवींच्या खोट्या पावत्या तयार झाल्या, आणि त्या ठेवींवरचं ३७६ कोटींचं न मिळालेलं व्याजही जमेला धरलं गेलं.

लेखापरीक्षणाचा मूलभूत नियम असा की बँकेला शिल्लक विचारणारं पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचं आणि उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर यायला हवं. मध्ये कंपनीचा हात लागता कामा नये. कंपनीने हातात दिलेल्या पावतीची झेरॉक्स म्हणजे खातरजमा नव्हे. लेखापरीक्षण समितीने दरवर्षी विचारावा असा प्रश्न यातूनच निघतो: किती बँकांना पत्रं गेली, किती उत्तरं थेट आली, किती आली नाहीत आणि न आलेल्या खात्यांत किती पैसे आहेत?

या समितीत किमान तीन संचालक, दोन-तृतीयांश स्वतंत्र, अध्यक्षही स्वतंत्र. वर्षातून चार बैठका. हिशेब मंडळापुढे जाण्याआधी तिच्याकडे येतात, ऑडिटरच्या नेमणुकीची आणि फीची शिफारस ती करते, आतल्या माणसाने केलेली तक्रार तिच्यापर्यंत पोचण्याची वाट खुली ठेवणं हेही तिचंच काम. संपूर्ण मंडळापेक्षा या तीन-चार माणसांच्या दर्जावर जास्त अवलंबून असतं.

ऑडिटरच्या बाबतीत मात्र सुधारणा खरोखर खोलवर गेल्या. एकच फर्म दशकानुदशकं राहायची, ते बंद झालं: आता पाच वर्षांच्या दोन मुदती, मग पाच वर्षं खंड. ज्या कंपनीचे हिशेब तपासायचे तिथेच हिशेब लिहिणं, अंतर्गत लेखापरीक्षण किंवा गुंतवणूक-सल्ला अशी कामं करायला मनाई आहे. १ कोटी किंवा त्याहून जास्त रकमेचा गैरव्यवहार कंपनीच्या अधिकाऱ्यांनी केल्याचा संशय आला तर ऑडिटरने केंद्र सरकारला कळवायचं. अडचण दिसली की मध्येच राजीनामा देऊन मोकळं होण्यालाही सेबीने २०१९ मध्ये चाप लावला: तीन तिमाह्यांच्या अहवालांवर सही केली असेल, तर चौथ्या तिमाहीचा आणि पूर्ण वर्षाचा अहवाल देऊनच बाहेर पडता येतं. एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंद कधी झाली, कधी बदलली, याचा मागमूस राहिला पाहिजे आणि ती सोय बंद करता येऊ नये, अशी अट आहे. वर्षअखेरीच्या रात्री जुन्या तारखेला नोंदी घुसवण्याचा धंदा त्यामुळे अवघड झाला आहे.

ऑडिटरवर देखरेख कोणाची, हे कोडं मात्र सुटायला दहा वर्षं लागली. पूर्वी सनदी लेखापालांची संस्थाच आपल्या सभासदांची चौकशी करायची. कायद्यात २०१३ पासून असलेलं स्वतंत्र प्राधिकरण, एनएफआरए, प्रत्यक्षात १ ऑक्टोबर २०१८ ला अस्तित्वात आलं. दोषी ऑडिटरला ते सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत काम करण्यास मनाई करू शकतं, आणि फर्मला फीच्या दहापटीपर्यंत दंड. दरम्यान सत्यमचं काय झालं पाहा. फौजदारी निकाल एप्रिल २०१५ मध्ये लागला. सेबीने ऑडिट फर्मवर दोन वर्षांची बंदी घातली जानेवारी २०१८ मध्ये, आणि अपील लवादाने ती सप्टेंबर २०१९ मध्ये रद्द केली. इतक्या उशिरा आलेल्या शिक्षेचा धाक पुढच्या माणसाला वाटत नाही.

आपल्याच घरातले व्यवहार

खोटे हिशेब लिहिण्यापेक्षा कायदेशीर दिसणाऱ्या व्यवहारातून पैसे बाहेर नेणं सोपं असतं. समजा, एका कंपनीत प्रवर्तकाचा हिस्सा ४० टक्के आहे. त्याची स्वतःची एक खासगी कंपनीही आहे, शंभर टक्के त्याची. खासगी कंपनीचं एक गोदाम आहे, बाजारभाव ६० कोटी. नोंदणीकृत कंपनी ते १०० कोटींना विकत घेते. जास्तीचे ४० कोटी प्रवर्तकाच्या खिशात गेले. नोंदणीकृत कंपनीचा तोटा ४० कोटींचा, त्यात त्याचा वाटा १६ कोटी. उरलेले २४ कोटी बाकीच्या भागधारकांचे गेले. कुठेही खोटी सही नाही, बनावट पावती नाही. घसारा लागत राहील आणि तीन वर्षांत ही गोष्ट कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

म्हणून संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तक, त्याचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्या यांच्याशी, होणारे व्यवहार आधी लेखापरीक्षण समितीकडे येतात आणि तिथे फक्त स्वतंत्र संचालकच मंजुरी देऊ शकतात. मोठे व्यवहार भागधारकांपुढे जातात. २०२२ मध्ये त्यासाठी १,००० कोटी रुपये किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांतली कमी रक्कम ही रेषा ठरली, आणि नंतर कंपनीच्या आकारानुसार तिच्यात बदलही होत गेले. तिथे संबंधित पक्षाला ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. मायटासचा प्रस्ताव आज आला असता तर तो मंडळाच्या खोलीत संपला नसता. एप्रिल २०२३ पासून आणखी एक दार बंद झालं: मध्ये एखादी त्रयस्थ कंपनी घालून पैसे फिरवले, पण उद्देश आणि परिणाम संबंधित पक्षाच्या फायद्याचा असेल, तर तोही संबंधित व्यवहारच धरला जातो.

उरलेली फट आहे ती सरसकट मंजुरीची. रोजच्या खरेदी-विक्रीसाठी समिती वर्षभराची एकच मंजुरी देऊ शकते. सोय म्हणून ते ठीक, पण भाव कोणत्या आधारावर ठरला हे विचारलं नाही तर तिचा कोरा चेक होतो. समितीने दर तिमाहीला झालेले व्यवहार आणि त्याच मालाचा बाहेरचा भाव शेजारी-शेजारी मागावा. शेजारचा रकाना रिकामा असेल तर मंजुरी द्यायची नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलातला धडा

पायाभूत सुविधांच्या कामांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, सेबीच्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर. मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नव्हती, पण एलआयसी, जपानची ऑरिक्स, एचडीएफसी, स्टेट बँक असे तगडे भागधारक होते आणि त्यांचे प्रतिनिधी मंडळावर बसत. ऑगस्ट २०१८ च्या सुरुवातीपर्यंत पतमानांकन सर्वोच्च होतं. सप्टेंबरमध्ये देणी थकली. १ ऑक्टोबरला सरकारने कंपनी न्यायाधिकरणाकडे जाऊन मंडळच बदललं आणि बँकर उदय कोटक यांच्या नेतृत्वाखाली नवं मंडळ आणलं. समूहावर सुमारे ९१,००० कोटींचं कर्ज होतं आणि उपकंपन्यांचा आकडा तीनशेच्या वर गेला.

इथे शिलकीचे पैसे गायब नव्हते. रस्ते-बोगद्यांसारख्या पंधरा-वीस वर्षांनी पैसे परत देणाऱ्या कामांसाठी काही महिन्यांच्या मुदतीचं कर्ज उचललं जात होतं, आणि जुनं फेडायला नवं. समूहातली वित्तकंपनी थकलेल्यांना पुन्हा कर्ज देऊन खाती नियमित दाखवत होती, असं गंभीर गैरव्यवहार तपास कार्यालयाचं म्हणणं आहे. प्रत्येक उपकंपनीचा ताळेबंद सुटा पाहिला तर फारसं वावगं दिसायचं नाही. सगळे एकत्र ठेवून ‘पुढच्या नव्वद दिवसांत कोणाला किती द्यायचे आहेत आणि ते कुठून येणार?’ एवढंच विचारलं असतं, तर उत्तर एका पानात आलं असतं. ते विचारायचं काम जोखीम समितीचं, आणि ती समिती २०१५ नंतरच्या तीन वर्षांत एकदाच भरली होती. मोठ्या संस्थांचे प्रतिनिधी मंडळावर असले की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल.

नंतर ऑडिटरच्या अहवालाला जोडायचं परिशिष्ट २०२० मध्ये नव्याने बांधलं गेलं, त्यात या प्रकरणाच्या खुणा स्पष्ट दिसतात. अल्पमुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामात घातला का, थकलेलं कर्ज नव्या कर्जाने मिटवलं का, वर्षभरात येणारी देणी कंपनी फेडू शकेल का, या प्रत्येकावर ऑडिटरला लेखी उत्तर द्यावं लागतं.

वार्षिक अहवाल तासाभरात कसा वाचावा

अध्यक्षांचं निवेदन आणि रंगीत फोटो सोडा. सुरुवात लेखापरीक्षकाच्या अहवालापासून करा. मत निर्मळ आहे की ‘खालील बाब वगळता’ असं म्हटलंय, हे पहिल्या पानावरच कळतं. मग ‘महत्त्वाच्या लेखापरीक्षण बाबी’ वाचा. ऑडिटरला सर्वांत जास्त घाम कुठे गाळावा लागला ते तिथे असतं. त्यामागचं वर सांगितलेलं परिशिष्ट कंटाळवाणं दिसतं, पण ते शब्दन् शब्द वाचा. बँकांना दर तिमाहीला दिलेली पत्रकं आणि कंपनीची पुस्तकं यांत तफावत आहे का, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

मग रोख प्रवाह पत्रक. पाच वर्षांचा नफा एका ओळीत मांडा आणि व्यवसायातून आलेली रोकड खालच्या ओळीत. नफा वाढत जातोय आणि रोकड येत नाही, असं तीन वर्षं दिसलं तर येणी किंवा माल फुगलाय. त्यानंतर बँकेतली शिल्लक आणि त्यावरचं व्याज यांचा मेळ घाला. वर्षभर सरासरी १,००० कोटी बँकेत आहेत आणि व्याज ७ कोटी, म्हणजे पाऊण टक्काही नाही. चालू खात्यात पडून आहेत म्हणतील, पण मग त्याच वेळी दहा टक्क्यांनी कर्ज कशाला काढलंय?

संबंधित व्यवहारांची टीप शेवटच्या पानांत असते. तिथे खरेदी-विक्रीपेक्षा कर्ज, आगाऊ रक्कम आणि हमी हे तीन रकाने बघा. ‘आगाऊ रक्कम’ दोन वर्षं तशीच असेल तर ती आगाऊ राहिलेली नाही. सुशासन अहवालात संचालकांची हजेरी आणि जोखीम समितीच्या बैठकांची संख्या मिळते. प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत ते दर तिमाहीनंतर २१ दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतं.

आणि मत द्या. सर्वसाधारण सभेआधी किमान तीन दिवस ऑनलाइन मतदान सुरू असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. डिमॅट खात्यावरून पाच मिनिटांत होतं. एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं आणि ते जाहीर करावं लागतं, त्यामुळे आपल्या फंडाने कोणाच्या बाजूने हात वर केला तेही पाहता येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या भागधारकांनी व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनेमणुकीचा आणि मानधनाचा ठराव अडवला. लागत होती ७५ टक्के मतं, मिळाली सुमारे ७३ टक्के. मंडळाला मानधनाची मर्यादा खाली आणून पुन्हा मतदान घ्यावं लागलं. दोन टक्क्यांनी हे घडलं.

मतदानाचे निकाल सभेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत जाहीर होतात. तक्त्यात तीन ओळी असतात: प्रवर्तक, संस्था आणि उरलेले सार्वजनिक भागधारक. तिसऱ्या ओळीत एकूण शेअर किती आणि त्यांपैकी मतं किती पडली, हे दोन आकडे शेजारी-शेजारीच छापलेले असतात.